कणाकणाचा हिशेब

(मापन आणि शिस्त या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



सराफाच्या पेढीवरील जुना तराजू पुष्कळांनी पाहिला असेल. तो काचेच्या पेटीत असे. पारड्यात सोने ठेवून झाले की सराफ पेटीचे दार लावून घेई आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबे. पंख्याचा वारा किंवा गिऱ्हाइकाचा उच्छ्वास लागला तरी गुंजेचा हिशेब चुकेल, ही धास्ती त्यामागे होती. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ होते. १८३३ मध्ये कंपनी सरकारने रुपयाचे वजन १८० ट्रॉय ग्रेन ठरविले आणि तोच प्रमाण तोळा झाला. या हिशेबाने एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. ग्रेन हे माप मुळात जवाच्या दाण्यावरून आले. एका ग्रॅममध्ये असे सुमारे साडेपंधरा ग्रेन मावतात.

तोळा-मासा गेला आणि दशमान पद्धती आली. ग्रेन मात्र एका क्षेत्रात आजही अढळ आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशांत अनेक नेमबाज रायफलची काडतुसे स्वतःच्या हाताने भरतात. तेथे दारूचे माप ग्रेनमध्येच होते आणि तेही ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत. दहावा भाग म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम, एका गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा हिस्सा. (प्रस्तुत विवेचनात ‘दारू’ हा शब्द केवळ बंदुकीच्या दारूसाठी आहे, हे सांगून ठेवलेले बरे!)

भारतात हा छंद नाही आणि त्याचे कारण स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथे विषय कृतीचा नसून विचाराचा आहे. मोजमापात थोडीशी ढिलाई झाली तर ज्याची शिक्षा त्याच क्षणी, त्याच हाताला आणि डोळ्याला मिळते, अशी क्षेत्रे थोडी आहेत. म्हणूनच मापनाची शिस्त समजून घेण्यासाठी हे उदाहरण मोलाचे ठरते.

काळ्या दारूची क्षमाशीलता

रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. गोळी सुटून गेल्यावर पितळी पुंगळी उरते. ती पुन्हा योग्य आकारात आणून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून वापरता येते. आरंभी यात काटकसर हा मोठा हेतू होता. पुढे अचूकतेचा ध्यास त्याला येऊन मिळाला.

या ध्यासाचा एक ठळक टप्पा १८७४ सालचा आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात रायफल नेमबाजीचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १,००० यार्डांची होती. आयरिश नेमबाज तोंडाकडून ठासायच्या रायफली वापरीत होते, तर अमेरिकनांच्या रायफली मागून भरायच्या होत्या. अमेरिकेने हा सामना ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. एका आयरिश नेमबाजाची एक गोळी लक्ष्याच्या मधोमध लागली, परंतु ते लक्ष्य शेजारच्याचे होते! तिचा एकही गुण धरला गेला नाही. कौशल्य असूनही लक्ष विचलित झाले तर काय होते, याचा हा धडा दीडशे वर्षे सांगितला जात आहे.

त्या काळची दारू काळी होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण. काळी दारू बरीच क्षमाशील असते. ती ठरावीक मापाच्या पळीने भरली आणि दोन-चार दाणे कमीजास्त झाले, तरी सहसा अनर्थ ओढवत नसे. शिकाऱ्याच्या कमरेच्या शिंगातून दारू मोजून ओतण्याची पद्धत शतकानुशतके चालली ती यामुळेच.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि चित्र पालटले. नवी दारू काळ्या दारूच्या कितीतरी पट जोमदार होती. जुनी पळी मात्र तीच राहिली. जितकी काळी दारू भरावयाची तितक्याच आकारमानाची नवी दट्ट दारू पुष्कळांनी भरली आणि बंदुकांच्या नळ्या फुटल्या. काही उत्पादकांनी काळ्या दारूइतक्याच आकारमानाने भरता येईल अशी हलकी धूरविरहित दारू काढली. परंतु दोन्ही प्रकार एकाच बाजारात विकले जाऊ लागल्याने घोटाळा वाढला. साधन बदलले की सवयही बदलावी लागते आणि ती न बदलणाऱ्याला साधन क्षमा करीत नाही. आकारमान सोडून वजनाकडे, पळी सोडून तराजूकडे वळण्याची निकड अशी निर्माण झाली.

दाबाचे गणित

ही निकड किती खरी आहे, हे एका आकड्यावरून ध्यानी येईल. ‘.३०८ विंचेस्टर’ हे जगभर प्रचलित असलेले काडतूस आहे. ते उडते तेव्हा नळीतील दाबाची मान्य कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६२,००० पौंड इतकी आहे. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे चार हजार पट होतो. तो निर्माण होतो आणि ओसरतो सेकंदाच्या सहस्रांश भागाच्या आसपास आणि त्या वेळी नेमबाजाचा गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला असतो.

या दाबाचा स्वभावही लक्षात घेण्याजोगा आहे. दारू ज्या प्रमाणात वाढवावी त्याच प्रमाणात दाब वाढतो, असे होत नाही. तो त्याहून वेगाने चढतो. दारू जळू लागली की दाब वाढतो, दाब वाढला की दारू अधिक जलद जळते आणि अधिक जलद जळल्याने दाब आणखी चढतो. म्हणून वरच्या मर्यादेजवळ थोडीशी भर पुष्कळ महागात पडते. दारूचे उत्पादक प्रत्येक काडतुसासाठी आरंभीचे आणि कमाल प्रमाण छापून देतात, ते याचसाठी. जाणता नेमबाज खालच्या प्रमाणापासून आरंभ करतो आणि पुंगळीवर दाबाची लक्षणे दिसतात काय, हे पाहात सावकाश वर जातो.

अनुभवी मंडळींचे काही नियम ठरलेले असतात. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. काम संपताच मापकातील दारू त्याच डब्यात परत जावी. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या कराव्यात आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावावे. एखादीत दारू दुप्पट पडली असेल किंवा पडलीच नसेल, तर ते तेथेच उघड होते. दुप्पट दारू बंदूक फोडते. दारूच नसेल तर केवळ टोपीच्या धक्क्याने गोळी नळीत अडकू शकते आणि तिच्यामागून सुटणारी दुसरी गोळी घात करते. काम चालू असताना गप्पा, दूरदर्शन, दूरध्वनी वर्ज्य. या नियमांत शास्त्र थोडे आणि शिस्त अधिक आहे. अपघात मात्र बहुधा शास्त्र न कळल्याने होत नाहीत, शिस्त सुटल्याने होतात.

खरे माप आणि एकसारखे माप

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. माप खरे असणे ही एक गोष्ट आणि माप प्रत्येक खेपेस एकसारखे येणे ही दुसरी. एखाद्या तराजूचा काटा नेहमीच दोन गुंजांनी झुकत असेल, तर तो एकसारखे पण खोटे माप देईल. गिऱ्हाईक प्रत्येक खेपेस सारखेच फसेल. उलट एखादा तराजू सरासरीने खरा असेल, पण कधी वर, कधी खाली जात असेल, तर त्याच्याही कोणत्याच एका मापावर विसंबता येत नाही.

काडतूस भरणाऱ्याला दोन्ही गुण हवे असतात आणि त्यांची कारणे भिन्न आहेत. खरेपणा हवा तो जीव वाचविण्यासाठी. एकसारखेपणा हवा तो नेम साधण्यासाठी. म्हणून तो काम सुरू करताना प्रमाणित वजने पारड्यात ठेवून तराजू तपासतो आणि मध्येमध्ये पुन्हा तपासतो. दांडीचा तराजू असेल तर काट्याच्या पातळीवर डोळा आणून वाचन करतो, कारण तिरक्या नजरेने पाहिलेला काटा खोटे सांगतो. विजेवरचा काटा असेल तर तो तापून स्थिर होईपर्यंत वाट पाहतो. खिडकीची झुळूक, मेजाचा कंप, कोरड्या हवेतील स्थिर विद्युत, या सर्वांचा परिणाम वाचनावर होतो. ०.१ ग्रेनपर्यंत आकडा दाखविणारा काटा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना तेवढाच चुकू शकतो. काट्यावर आकडा दिसला म्हणजे तो खराच, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे.

कोठे मोजावे आणि किती मोजावे

आता एक कोडे. अमेरिकेत मेजावर रायफल टेकवून शंभर आणि दोनशे यार्डांवर नेमबाजी करण्याची एक शाखा आहे. पाच गोळ्या जणू एकाच छिद्रातून जाव्यात, हे तिचे ध्येय. तराजू सर्वांत सूक्ष्म तेथे असेल, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. या शाखेतील बहुसंख्य नेमबाज मैदानावरच काडतुसे भरतात आणि दारू वजन न करता फिरत्या मापकाने, म्हणजे आकारमानाने मोजतात. मापकाची मूठ प्रत्येक खेपेस त्याच गतीने, त्याच जोराने वर न्यावयाची आणि खाली आणावयाची, याचा त्यांना इतका सराव असतो की हातच मापाचा भाग होऊन जातो.

याउलट हजार यार्डांवर नेमबाजी करणारे प्रयोगशाळेच्या तोडीचे, चुंबकीय बलाने समतोल साधणारे काटे बाळगतात आणि अखेरचा एकेक कण चिमट्याने टाकतात. काडीसारख्या आकाराच्या दारूचा एक कण सुमारे ०.०२ ग्रेन भरतो, म्हणजे चार-पाच कणांत ०.१ ग्रेन पुरा होतो.

दोघेही जाणते असताना वागण्यात इतका फरक का? उत्तर अंतरात आहे. ‘.३०८’ मधून १७५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,६०० फूट वेगाने सुटते, असे समजू. दोन गोळ्यांच्या वेगात दहा फुटांचा फरक पडला, तर शंभर यार्डांवर त्यांच्या उंचीत इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढाच फरक दिसेल. हजार यार्डांवर तोच फरक सुमारे चार इंचांचा होतो. ०.१ ग्रेन दारूने वेग साधारण पाच फुटांनी बदलतो. म्हणजे हजार यार्डांवर दोन इंचांची चूक. कॅनडाच्या जॉर्ज फार्कहर्सन यांच्या नावावरून ‘एफ क्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत हजार यार्डांवरील लक्ष्याचे सर्वांत आतले वर्तुळ पाच इंच व्यासाचे असते. तेथे दोन इंच म्हणजे हारजीत. शंभर यार्डांवर तीच चूक नगण्य. तेथील नेमबाज आपली शक्ती नळी, गोळीची बैठक आणि वाऱ्याचा अंदाज यांवर खर्च करतो.

याच विचाराची दुसरी बाजू गणिताची आहे. वेगातील चढउताराला अनेक कारणे असतात. टोपीची ठिणगी, पुंगळीची जाडी, गोळीवरील पकड आणि दारूचे वजन. ही कारणे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. बौधायनांच्या शुल्बसूत्रात आलेला कर्णाचा नियमच येथे उपयोगी पडतो. इतर कारणांनी वेगाचे प्रमाण विचलन चार फूट आणि दारूमुळे तीन फूट असेल, तर एकूण विचलन सात न होता पाच फूट होते. दारूचे माप निर्दोष केले की ते चारवर येते. हा लाभ खरा. परंतु इतर कारणांचे विचलन दहा फूट आणि दारूचे दोन फूट असेल, तर एकूण १०.२ होते. आता दारूचा कण न् कण मोजून ते दोन फूट शून्यावर आणले, तरी एकूण विचलन दहाच राहते. रात्रभर चिमट्याने कण वेचणाऱ्याच्या पदरात अवघी दोन दशांश फुटांची सुधारणा पडते. जो दोष मोठा आहे तो आधी शोधावा, ही साधी गोष्ट आहे. परंतु मनुष्याला जे मोजणे सोपे तेच मोजत बसण्याचा मोह होतो.

आणखी एक मोह आहे तो घाईने निष्कर्ष काढण्याचा. तीन गोळ्या झाडायच्या, त्या जवळजवळ लागल्या की हेच प्रमाण उत्तम, असे जाहीर करायचे. दोन अगदी सारख्या काडतुसांच्या संचांतही, तीनतीन गोळ्यांच्या चाचणीत केवळ योगायोगाने दुप्पट फरक दिसू शकतो. अल्प नमुन्यांवरून किती ठामपणे बोलावे, हा प्रश्न विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात सोडविला. डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांचा रोजचा संबंध जवाशी होता. ज्या जवाच्या दाण्यापासून ग्रेनचे माप आले, त्याच दाण्याच्या परीक्षेतून मापावर कितपत विश्वास ठेवावा याचे शास्त्र पुढे गेले, हा योग विलक्षण आहे.

वजन बरोबर, वस्तू निराळी

मापनाची शिस्त केवळ छंदाचा विषय नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती ‘एम-१६’ ही नवी रायफल आली. ती ज्या काडीदार दारूवर विकसित झाली होती, त्या दारूने मोठ्या उत्पादनात वेग आणि दाब या दोहोंच्या अटी सातत्याने पाळता येईनात. म्हणून १९६४ मध्ये दुसऱ्या, गोलकणी दारूला मान्यता मिळाली. वेगाची अट पूर्ण झाली, दाबाची मर्यादाही पाळली गेली. कागदावर सारे बरोबर होते. परंतु नव्या दारूचे ज्वलन निराळे होते. रायफलीच्या यंत्रणेची गती वाढली, आत काजळी अधिक साचू लागली. त्यात नळीच्या कक्षेला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते. ऐन चकमकीत रायफली अडकल्या आणि सैनिकांचे प्राण गेले. अमेरिकन संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने १९६७ च्या अहवालात दारू बदलण्याच्या या निर्णयावर कठोर ताशेरे ओढले.

जे मोजले गेले ते मर्यादेत होते. जे मोजावयास हवे होते, ते पुरेसे मोजलेच गेले नाही. कार्यालयात बसून अटींच्या यादीवर खुणा करणाऱ्याला रणांगणावरचा सैनिक दिसला नाही, तर असे घडते. याच कारणाने जाणता छांदिष्ट डब्यावरचे नाव तेच असले, तरी दारूची नवी खेप आली की आपले प्रमाण पुन्हा खालून तपासत येतो. नाव सारखे असले तरी गुण तंतोतंत तोच असेल, असे तो गृहीत धरीत नाही.

आपल्या अंगणातील उदाहरणे

महाराष्ट्राला या विषयाची ओळख नाही असे नाही. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही याच कामाचा. तेथे भरल्या जाणाऱ्या प्रत्येक काडतुसावर सीमेवरील कोणा जवानाचा भरवसा असतो. तो जवान दारू तोलून पाहू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी ती आधीच प्रामाणिकपणे तोललेली असते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे वापरले जाणारे ‘.२२’ चे काडतूस हाताने पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे या प्रकारातील अव्वल नेमबाज काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा आपल्याच रायफलीतून चाचणीसाठी झाडून पाहतात आणि जी खेप सर्वांत एकसारखी ठरेल ती निवडतात. स्वतःला मोजता येत नसेल, तेथे दुसऱ्याचे माप पारखून घेण्याचा हा विवेक आहे.

हिशेबाची वही लिहिणारा, औषधाची मात्रा काढणारा, शाळेत उत्तरपत्रिका तपासणारा, स्वयंपाकघरात तान्ह्या बाळासाठी चमच्याने औषध मोजणारी माता, या सर्वांच्या हाती असाच एक तराजू असतो. माप खरे आहे काय, हे कामाला आरंभ करतानाच तपासावे. प्रत्येक खेपेस तेच करावे. जेथे चूक मोठी पडते तेथे अधिक काटेकोर असावे आणि जेथे ती नगण्य आहे तेथे व्यर्थ शक्ती दवडू नये. काडतुसात चुकलेला कण तत्काळ बोलतो. आपल्या नित्याच्या कामांत चुकलेले माप पुष्कळदा वर्षानुवर्षे गप्प राहते आणि त्याचा भार दुसऱ्याच कोणाला सोसावा लागतो. म्हणून त्याची काळजी आधी घेतली पाहिजे.